अस्वाद आणि आस्वाद

अस्वाद आणि आस्वाद या दोन शब्दांत फरक आहे तो केवळ एका कान्याचा. पण त्या कान्यावरून आमच्या घरात पंचावन्न वर्षे एक तंटा चालला होता. तंटा म्हटले म्हणजे आवाज आला. इथे आवाज मुळीच नव्हता. वडील पानावर बसत, पानात जे पडेल ते खाली मान घालून जेवत आणि उठत. आमटी अळणी झाली म्हणून त्यांनी कधी वाटी सरकवली नाही, आणि पुरणपोळी मनासारखी उतरली म्हणून कधी अर्धी पोळी अधिक मागून घेतली नाही. आईच्या हाताला चव होती. शेजारपाजारच्या बायका तिच्याकडून गोड्या मसाल्याचे प्रमाण लिहून नेत आणि आठ दिवसांनी परत येऊन, "तसा काही होत नाही हो," असे म्हणत. हीच बाई रोज स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी उभी राहून वडिलांच्या चेहऱ्याकडे पाही. आणि त्या चेहऱ्यावर तिला काही सापडत नसे. "मी पानात वाढते की मोरीत ओतते, तेच मला कळत नाही," असे ती आम्हां मुलांना म्हणे. वडिलांना मात्र तिने असे कधी ऐकवले नाही.

एकदा ती आमटीत मीठ घालायलाच विसरली. आम्ही मुले शाळेत गेलो होतो. वडील नेहमीप्रमाणे जेवून कचेरीत गेले. मागाहून ती स्वतः जेवायला बसली तेव्हा पहिल्या घासालाच तिच्या ध्यानात आले. त्या दिवशी ती तशीच उठली. संध्याकाळी आम्ही विचारले तेव्हा म्हणाली, "मीठ विसरले याचे मला काही नाही. ते कळले नाही याचे वाईट वाटते."

वडिलांचे हे वागणे निव्वळ बेफिकिरीचे नव्हते. त्यामागे एक व्रत होते. १९५८ साली पंढरपूरला सर्वोदय संमेलन भरले, तेव्हा विशीतले वडील तिथे गेले होते, आणि परतले ते आश्रमाची एकादश व्रते बरोबर घेऊन. त्यांतली बहुतेक प्रपंचात पडल्यावर हळूहळू सैल झाली. अस्वाद तेवढे राहिले. १९३० साली येरवड्याच्या तुरुंगातून गांधीजींनी आश्रमवासीयांना या व्रतांविषयी दर मंगळवारी पत्रे लिहिली. 'मंगलप्रभात' या नावाने ती प्रसिद्ध आहेत. अन्न औषधासारखे घ्यावे, शरीराला हवे तेवढे आणि हवे म्हणून घ्यावे, गोड लागते की नाही याचा विचार करू नये, असा त्यांतल्या अस्वादाच्या प्रकरणाचा मथितार्थ. वडिलांच्या ट्रंकेत ते पुस्तक होते. लहानपणी मी ते आईच्या बाजूने, म्हणजे शत्रुपक्षाचे म्हणून, वाचले.

पुढे आत्मकथा वाचली तेव्हा मात्र एक मौज दिसली. विलायतेत बॅरिस्टरीचा अभ्यास करताना गांधीजींनी घरून आलेले गोडधोड आणि मसाले खाणे सोडून दिले. ज्या उकडलेल्या पालकाला रिचमंड येथे त्यांना काही चव लागली नव्हती, तोच आता त्यांना रुचकर लागू लागला. चवीचे खरे ठिकाण जीभ नसून मन आहे, असा निष्कर्ष त्यांनी त्यावरून काढला. आता पाहा, हा निष्कर्ष कोणाचा? ज्याची जीभ मेली त्याचा नव्हे. मसाल्याखाली झाकलेला पालक ज्याला प्रथमच भेटला, त्याचा. व्रत अस्वादाचे आणि फळ आस्वादाचे, असे काहीसे ते झाले आहे. मी हे वडिलांना एकदा ऐकवलेही. ते हसले आणि म्हणाले, "तुझी आई पालक फार छान करते, असे तुला म्हणायचे आहे ना?" मला तेच म्हणायचे होते.

दिवाळी अंकात इंद्रियांच्या गोष्टी काढाव्यात आणि त्याही व्रतावरून सुरू कराव्यात, हे फराळाच्या ताटासमोर बसलेल्या वाचकाला रुचणार नाही, हे मी जाणते. पण प्रश्नच तिथे आहे. आपल्याकडे इंद्रियसुखाविषयी बोलायचे म्हटले की प्रथम एक खटला उभा राहतो. एकनाथी भागवतात अवधूताचे चोवीस गुरू येतात; त्यांत पतंग आहे, भ्रमर आहे, हत्ती, हरिण आणि मासा आहे. पाचही जणांचा एकेका इंद्रियापायी घात होतो. पतंग रूपाला भुलतो, भ्रमर गंधाला, हत्ती स्पर्शाला, हरिण नादाला आणि मासा रसाला. मग ज्याला पाचही इंद्रिये दिली आहेत त्या माणसाचे काय होईल, असा त्यातला धाक. धाक खोटा नाही. पण मला नेहमी त्या माशाविषयी एक शंका येते. गळाला लावलेले आमिष मासा चाखतो कुठे? तो ते गिळतो. चाखत बसला असता तर कदाचित काटा लागला असता जिभेला, आणि सुटला असता! त्याचा घात चवीने झाला की चव न घेतल्याने?

हा काही नुसता शब्दच्छल नव्हे. मिशिगन विद्यापीठात केंट बेरिज नावाच्या संशोधकाने उंदरांवर प्रयोग केले. मेंदूतले डोपामीन नावाचे द्रव्य जवळजवळ नाहीसे केले की उंदीर समोरच्या अन्नाकडे आपण होऊन वळतही नाही, उपाशी मरायची पाळी येते. पण त्याच्या जिभेवर गोड पाणी ठेवले की तो पूर्वीसारखेच ओठ चाटतो. म्हणजे हवेसे वाटणे निराळे आणि गोड लागणे निराळे. दोहोंची यंत्रे डोक्यात वेगवेगळी बसवलेली आहेत. चिवड्याच्या डब्यात गप्पांच्या नादात पाचव्यांदा हात गेला तेव्हा पाचव्या मुठीची चव काय होती, हे कोणी आठवून सांगावे. पहिल्या मुठीतला कढीलिंब आठवतो. पाचवी मूठ माशाची. कठोपनिषदात शरीराला रथ आणि इंद्रियांना घोडे म्हटले आहे. त्याचा दाखला इंद्रियांच्या विरुद्ध नेहमी देतात. पण लगाम धरा असे तिथे सांगितले आहे. घोडे मारून टाका असे सांगितलेले नाही. घोडे मेल्यावर रथ जाणार कुठे?

ग्रीसमधल्या एपिक्युरसचे नाव खुशालचेंडूंचा मूळपुरुष म्हणून बदनाम आहे. हा गृहस्थ अथेन्समधल्या आपल्या बागेत भाकरी आणि पाणी यांवर राही. मित्राला लिहिलेल्या एका पत्रात त्याने चीजचे एक लहानसे मडके मागितले आहे, कशाला, तर मनात येईल तेव्हा मेजवानी करता यावी म्हणून. आमचा चार्वाक असा काही कोणाला लिहून गेला असेल तर ते उरले नाही. त्याच्याविषयी आपल्याला ठाऊक आहे ते बहुतेक त्याच्या प्रतिपक्षाने सांगितलेले. प्रतिपक्षाच्या तोंडून माझ्या वडिलांचे वर्णन मीही असेच करीत आले होते.

ते बदलले २०२१ साली. आई २०१६ मध्ये गेली होती, आणि वडील माझ्याकडेच असत. एप्रिलमध्ये करोनाची दुसरी लाट आली, तीत मी सापडले. जीव वाचला, त्या दिवसांत याहून अधिक काही मागणे हे पाप वाटावे अशी स्थिती होती, म्हणून माझे नाक गेले याचा मी बरेच दिवस उच्चारही केला नाही. डोळे गेले तर लोक हात धरतात, कान गेले तर मोठ्याने बोलतात. नाक गेले हे सांगितले तर लोक हसतात. आणि मराठीत त्याचा अर्थही भलताच होतो.

वास गेल्यावर समजले की मी ज्याला चव म्हणत होते ती बहुतेक वासच होती. जीभ बिचारी फार थोडे जाणते: गोड, आंबट, खारट, कडू, आणि पाचवी ती मांसरसासारखी, भरदार चव, जी इकेदा नावाच्या जपानी रसायनशास्त्रज्ञाने १९०८ साली समुद्रातल्या शेवाळाच्या कढणात ओळखून काढली. बाकीचे सारे घास चावताना घशामागच्या वाटेने नाकात चढते. वाचकांनी नाक घट्ट धरून चार जिऱ्याचे दाणे चावून पाहावेत; भुसा चावल्यासारखे वाटेल. मग नाक सोडावे. माझे नाक सुटतच नव्हते. आमटी म्हणजे आंबट, खारट, गरम पाणी. हिंग नाही, आमसुलाचा तो किंचित धुरकट वास नाही, फोडणी नाही. तिखट मात्र लागे, कारण तिखट ही मुळी चवच नव्हे. ते पोळणे आहे. मिरचीतले द्रव्य उष्णता ओळखणाऱ्या मज्जातंतूंनाच फसवते. हे ज्यांनी उलगडले त्या डेव्हिड ज्युलियस यांना त्याच २०२१ साली नोबेल पारितोषिकाचा अर्धा वाटा मिळाला, ही बातमी वाचताना मी मिरचीचा ठेचा खात होते. (जाता जाता: संस्कृतातला कटु म्हणजे तिखट, त्याचा मराठीत कडू झाला. एवढा मोठा अपघात एखाद्या भाषेच्या जिभेवर कसा झाला असेल, कोण जाणे.)

मला वाटले होते की मला आमरसाची, बासुंदीची, लग्नातल्या पंगतींची आठवण येईल. तसे झाले नाही. आठवण आली ती आईच्या कपाटातल्या घडीच्या लुगड्यांची, पहिल्या पावसानंतरच्या मातीची, अंघोळ घालून आणलेल्या नातवाच्या टाळूची. ज्यांना मी कधी सुख म्हणून मोजलेच नव्हते त्यांचा हिशेब आता निघाला. आणखी एक सांगते. त्या महिन्यांत मी दोनदा दूध करपवले आणि एकदा शेगडीचा गॅस उघडा ठेवला. इंद्रिये चैनीसाठी आहेत असे समजणाऱ्याने एकदा हे अनुभवावे.

डॉक्टरांनी उपाय सांगितला तो ऐकून मला हसू आले. गुलाब, निलगिरी, लिंबू आणि लवंग यांचे वास सकाळ-संध्याकाळ घ्यायचे. एकेक काही क्षण, सारे चित्त तिथे ठेवून. आणि हे निदान तीन महिने. वास आला नाही तरी घ्यायचे. मी देवघराशेजारच्या पाटावर चार लहान बाटल्या ठेवल्या आणि डोळे मिटून बसू लागले. वडील तेव्हा त्र्याऐंशी वर्षांचे होते. आठवडाभर त्यांनी हे पाहिले, आणि एकदा म्हणाले, "संध्येसारखे चालले आहे तुझे. माझे व्रत सोपे होते."

खरी अडचण स्वयंपाकाची होती. मीठ मला कळे. मसाला कळत नसे. आईला सणाच्या दिवशी नैवेद्य दाखवेपर्यंत काहीही न चाखता, न हुंगता रांधताना मी पाहिले होते. तिचा हातच माप होता. माझा हात तसा नाही. शेवटी एका दुपारी निरुपाय होऊन मी आमटीची पळी वडिलांपुढे धरली आणि म्हटले, "बाबा, तुम्ही चाखून सांगा."

ते पळीकडे जरा वेळ पाहत राहिले. मग त्यांनी तळहातावर आमटी घेतली, जिभेला लावली, आणि म्हणाले, "गोडा मसाला शिजवताना सगळा घातलास. ती अर्धा मागे ठेवी आणि उतरवताना वरून घाली. आणि आमसूल एक कमी आहे."

माझ्या हातातली पळी तशीच राहिली. मी विचारले, "हे तुम्हाला कळत होते?"

"कळायला काय झाले? एकदा मीठ विसरली होती ती. आषाढातली गोष्ट. त्या दिवशी तिचा भाऊ आजारी असल्याचे पत्र आले होते."

मला आनंद व्हायला हवा होता. पण मला विलक्षण राग आला. आईच्या वतीने आला. पंचावन्न वर्षे या माणसाने एकेक घास ओळखला, आणि उंबऱ्याशी उभ्या असलेल्या बाईला त्यातला एकही परत दिला नाही! मी हे बोलून दाखवले. वडील बराच वेळ गप्प होते. नंतर त्यांनी सांगितले ते त्यापूर्वी कधी सांगितले नव्हते. त्यांचे वडील, म्हणजे माझे आजोबा, खाण्याचे मोठे शौकीन. भात फडफडीत नसला की ते भरले ताट पायाने उडवीत. ते सांडलेले अन्न माझी आजी गोळा करी आणि वडील तिला भिंतीशी बसून मदत करीत. "पंढरपूरला अस्वादाचे ऐकले," वडील म्हणाले, "तेव्हा मला जिभेचे काही वाटले नाही. मला ते ताट आठवले. मी मनाशी म्हटले, माझ्या घरात कोणी माझ्या तोंडाकडे पाहून स्वयंपाक करायचा नाही. चांगले म्हटले की उद्या तसेच हवे असे होते. मग झाले नाही की कपाळाला आठी येते. आणि आठी आली की ताट काही फार लांब नसते."

मी निरुत्तर झाले असे नाही, पण माझा खटला पूर्वीचा राहिला नाही. आपल्या घरांतून पुरुषांच्या रसनेने किती जुलूम केला आहे याचा हिशेब कोणी मांडला नाही. गरम पोळी ही जगातली एक श्रेष्ठ वस्तू आहे, यावर कोणाचेही दुमत होणार नाही. ती तव्यावरून पानात पडावी लागते हेही सर्वांना ठाऊक आहे. आणि ती तव्यावरून काढणारीला ती कधीच मिळत नाही हे लक्षात यायला बहुतेकांना जन्म लागतो. इंद्रियसुखाविषयीचा नीतीचा प्रश्न मला इथे उभा दिसतो. सुख घ्यावे की घेऊ नये, हा प्रश्न नव्हेच. आपल्या सुखाचे वजन कोणाच्या खांद्यावर पडते आहे, हा आहे. सिंहगडावर गेलो की मडक्यातले दही आणि पिठले-भाकरी यांची चव काही और लागते. "भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा" ही म्हण पायी चढून गेलेल्यालाच खरी कळते. मोटारीने वर आलेल्याला ती अर्धीच कळते. पण ते दही डोक्यावर टोपलीत घेऊन वर आलेली बाई शेजारीच उभी असते. तिचे दही वाईट लागावे असे मी म्हणत नाही. तिच्याकडे न पाहता ते खाल्ले तर ते अर्धवट खाल्ले जाते, एवढेच मला वाटते. आताशा लोक भाकरी पुढे आली की आधी तिचे मोबाइलवर छायाचित्र घेतात आणि तेवढ्यात ती निवते. मी त्यांना हसत असे. मग मनात आले, आपणही देवाला आधी दाखवतोच की! फरक एवढाच की देव 'छान' म्हणून उलट कळवीत नाही.

या बाबतीत मला ज्ञानेश्वरांचा आधार मोठा वाटतो. पहिल्याच अध्यायात ते श्रोत्यांना कथा कशी ऐकावी ते सांगतात, आणि दृष्टांत सारे चाखण्याचे आणि भेटण्याचे देतात. शरदातले चांदण्याचे कण चकोराची पिले हळुवारपणे टिपतात. भुंगा पराग नेतो, पण कमळाच्या पाकळ्यांना त्याची वार्ताही नसते. हा तोच भुंगा, जो अवधूताच्या यादीत कमळात अडकून मरतो. एकाच कीटकाची दोन चरित्रे. एक घेताना अडकतो, दुसरा घेऊन जातो आणि कमळ तसेच्या तसे राहते. भरतमुनींना नाट्यातला रस समजावून सांगायचा होता तेव्हा त्यांनीही दाखला दिला तो नाना मसाल्यांनी सिद्ध केलेल्या अन्नाचा आणि ते प्रसन्न मनाने जेवणाऱ्यांचा. हे मोठे लोक स्वयंपाकघराला कमी लेखीत नव्हते.

तरी वडिलांचे चुकले असे मला वाटते. मागणे आणि गप्प बसणे या दोहोंखेरीज तिसरीही एक वाट होती. चांगले म्हणावे आणि उद्याची अपेक्षा करू नये. कठीण आहे, पण त्यांना व्रतांची सवय होती. मी असे म्हटले तेव्हा ते म्हणाले, "तू करून पाहा."

त्या वर्षीच्या नरकचतुर्दशीला आमच्या कोकणातल्या रिवाजाप्रमाणे त्यांनी अंगठ्याखाली कारीट फोडले आणि त्याचा रस जिभेला लावला. मीही लावला. उटण्याचा वास मला येत नव्हता, पण ते कडू लागले ते अगदी पूर्वीइतके कडू. वास पुढे आले ते वेडेवाकडे आले. काही महिने कॉफीला जळक्या रबराची घाण येई आणि कांदा घरात आणवत नसे. लवंग सर्वांत आधी ताळ्यावर आली. वडील २०२३ साली गेले. शेवटपर्यंत आमटी उतरवताना मी पळी त्यांच्यापुढे धरीत असे. गरज उरली नव्हती तरी.

हल्ली रविवारचा स्वयंपाक सूनबाई करते. इतर दिवशी आम्ही तिघे वाटून घेतो. मध्यंतरी तिने आमटी केली. मसाला कसा घालायचा ते तिला कोणी सांगितले नव्हते, पण ती फारच सुरेख झाली होती. मला वडिलांचे शब्द आठवले. मी म्हटले, "छान झाली आहे हो आमटी."

तिने चमकून माझ्याकडे पाहिले. म्हणाली, "आई, खरे सांगा. काय कमी आहे?"

"काही नाही. छान झाली आहे."

पुढच्या रविवारी तिने तीच आमटी केली. त्याच्या पुढच्या रविवारीही तीच. दोन्ही वेळा मी छान म्हटले, आणि दोन्ही वेळा ती वाढून झाल्यावर माझा पहिला घास होईपर्यंत उभीच होती. चौथ्या रविवारी मी काहीच बोलले नाही. खाली मान घालून जेवले.

"आज बिघडली का?" तिने विचारले.